चि. बाळास, वाईहून

वाई,
ज्येष्ठ महिना

चि. बाळ यास आईचे अनेक आशीर्वाद.

चिऊ सुखरूप पोहोचल्याचे तू काल फोनवर सांगितलेस आणि त्याच दमात, महिनाभर तिचा चित्रकलेचा क्लास बुडाला, एलिमेंटरीची परीक्षा यंदाच आहे आणि वाईत ती नुसती बसून राहिली, असेही म्हणालास. फोनवर तुझ्याशी नीट वाद घालता येत नाही, कारण मी मुद्द्यावर येते न येते तोच तुझे “बरं, ठेवतो आई” होते. म्हणून हे पत्र. ते एका बैठकीत वाचावेस, एवढीच अपेक्षा आहे.

परीक्षेला माझा विरोध आहे असे समजू नकोस. कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षा तूही दिल्या होत्यास. त्यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात हे मला ठाऊक आहे, आणि वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन यांनी मुलांच्या हाताला वळण लागते यातही शंका नाही. माझी तक्रार आहे ती स्मरणचित्राच्या तयारीविषयी. चिऊने मला तिची वही दाखवली, तेव्हा तीत बाजार, जत्रा, बसथांबा अशी चित्रे आधीच तयार होती आणि त्या प्रत्येकात एकच भाजीवाली हिरवे लुगडे नेसून, डोईवर पदर घेऊन, सारख्या अंतरावर मांडलेल्या टोपल्यांमागे मांडी घालून बसलेली होती. विषय कोणताही येवो, ही बाई उचलून कागदावर ठेवायची, अशी क्लासची शिकवण आहे म्हणे. आठवून काढायचे चित्र पाठ करून काढायचे, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

यावर मी तिला काहीही बोलले नाही. फक्त रोज बाजाराला जाताना पिशवी तिच्या हाती देऊ लागले. पसरणीच्या घाटाकडून एक बाई करवंदे घेऊन येते. तिचा एक गुडघा उभा असतो आणि दुसऱ्या पायाची टाच गोणपाटाच्या कडेवर दाबलेली असते, कारण वारा सुटला की गोणपाटासकट द्रोण उलटतात. सुटे पैसे गोणपाटाखाली, नोटा चंचीत, आणि द्रोण भरून झाला की वर चार करवंदे जास्तीची, तीही गिऱ्हाइकाने मागण्याआधी. घरी आल्यावर चिऊ जिन्यात बसली आणि वहीच्या मागच्या पानावर तिने ती बाई काढली. चेहरा साधला नव्हता, हात नको तितके लांब झाले होते, पण टाच मात्र गोणपाटावर घट्ट रोवलेली होती. आबांनी चष्मा पुसून ते चित्र दोनदा पाहिले आणि करवंदे आहेत का संपली, एवढेच विचारले. तुझ्या वडिलांची पसंती याहून निराळ्या शब्दांत मी कधी ऐकलेली नाही.

मेणवलीलाही आम्ही जाऊन आलो. नाना फडणविसांच्या वाड्यातील भिंतीवरची चित्रे ती पाहील असे मला वाटले होते, पण ती रमली खाली कृष्णेच्या घाटावर, जिथे १७३९ च्या विजयानंतर वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. त्या घंटेवर बाळाला घेतलेली मेरी कोरलेली आहे, हे लहानपणी तुला मीच दाखवले होते. चिऊला ते कोणी न सांगता दिसले. देवळापाशी ही कशी, असे तिने विचारल्यावर मी इतिहास सांगू लागले, तर म्हणाली, “आजी, थांब, आधी काढू दे.”

आता ‘नुसती बसून राहिली’ याविषयी. बसली होती हे खरे, पण गोधडीवर. तुझ्या आजीची दोन नऊवारी इरकली लुगडी मी इतकी वर्षे ट्रंकेत ठेवली होती. नेसण्याजोगी ती राहिली नव्हती आणि टाकवत नव्हती. या वैशाखात ती काढली. एक खाली, एक वर आणि मधल्या थरात जुन्या धोतरांचे व चादरींचे तुकडे, हा आपल्या घरचा रिवाज. कापड सुतीच लागते. हल्लीच्या साड्या अंगाला गरम होतात, सुईखालून सटकतात आणि धुतल्यावर आतल्या थराशी कधी एकजीव होत नाहीत, त्यामुळे चांगल्या गोधडीसाठी निम्मा वेळ कापड शोधण्यातच जातो. माजघरात थर पसरून चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, आबांचा जाडजूड शब्दकोश आणि उरलेल्या कोपऱ्यावर स्वतः चिऊ, अशी वजने ठेवली. आधी लांब कच्चे टाके घालून थर बांधून घेतले आणि मग कडेने धावदोरा सुरू केला. कडेकडेने चौकोन घालत आत यायचे आणि प्रत्येक फेरीला तळहाताने कापड सारखे करत जायचे. तो हात फिरवण्याचा कंटाळा केला की मध्यभागी फुगवटा उरतो आणि मग उसवण्यावाचून गत्यंतर नसते.

चिऊ दोन दिवस सुई ओवून देत होती, तिसऱ्या दिवशी टाके घालू लागली आणि त्यानंतर तिने एक बेत मांडला: गोधडीला खिसा हवा, म्हणजे रात्री आजीचा चष्मा हरवणार नाही. गोधडीला खिसा मी जन्मात पाहिला नव्हता, आणि धुताना तो फाटेल असे मी म्हटलेही. तिने ऐकून घेतले, आत गेली आणि आबांच्या निळ्या सदऱ्याचा खिसा कापून घेऊन आली. तो सदरा अजून दोन वर्षे सहज चालला असता, असे आबांचे म्हणणे आहे आणि ते त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवले आहे. खिसा मात्र तिने दुहेरी टाक्याने, उशाच्या बाजूला, माझा उजवा हात पोहोचेल अशा ठिकाणी बसवला. हे मोजमाप तिने कधी घेतले, ते मला कळलेच नाही.

शिवताना तिने विचारले की फोन नव्हते तेव्हा बायका काम करताना ऐकत काय होत्या. तेव्हा तिला जात्याच्या ओव्या सांगितल्या. माझी आई पहाटे दळायला बसली की पहिली ओवी देवाला, मग माहेरच्या भावाला, मग एकेका लेकराचे नाव गुंफत जायची आणि सासूविषयीचे जे बोलता येत नसे, तेही त्यातच दळून निघायचे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही आता मोबाइलवर ऐकता येतात, त्या आम्ही शिवता शिवता ऐकल्या. या बायांनी कुठल्या क्लासला नाव घातले नव्हते, एवढे तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या दिवशी चिऊने स्वतःची ओवी केली:

आबांचा गं सदरा, खिसा त्याचा गोधडीला,
चष्मा आत ठेवुनिया आजी गेली वामकुक्षीला.

मात्रा थोड्या सांडल्या आहेत, पण आबांनी ती पाठ केली आहे आणि सदऱ्याची तक्रार ते आता ओवीसकट करतात.

तेव्हा क्लास पुन्हा सुरू कर, मात्र तिच्या वहीचे मागचे पान फाडू नकोस आणि स्मरणचित्राला वेळ लावते म्हणून तिच्यावर रागावू नकोस. वाटल्यास रविवारी तिला मंडईत घेऊन जा आणि तू पिशवी धरून उभा राहा. सौ. सूनबाईंना सांग की जुने सुती कपडे, विशेषतः तुझे पांढरे सदरे आणि त्यांच्या आईच्या साड्या, बोहारणीला देऊन त्यावर स्टीलची पातेली घेऊ नयेत. पातेली घरात पुष्कळ आहेत. ते सारे धुऊन, बटणे काढून माझ्याकडे पाठवावे. खिसे मात्र तसेच ठेवावेत, कारण दुसरी गोधडी आबांसाठी करायची आहे आणि तिला दोन खिसे हवेत, असे त्यांनी स्वतःच बजावले आहे.

कळावे.

तुझी,
आई