खासदारकीला मुदत हवी, आणि ती घरालाही लागू हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक सुधारणा म्हटलं की हल्ली एकाच विषयावर चर्चा होते. डिसेंबर २०२४ मध्ये १२९वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं, संयुक्त समितीकडे गेलं, आणि लोकसभा-विधानसभा एकत्र घ्यायच्या की वेगवेगळ्या यावर रकानेच्या रकाने भरले. मतदान कधी करायचं हा प्रश्न लहान नाही. पण उभं कोणी राहायचं, किती वेळा राहायचं आणि ते ठरवायचं कोणी, याबद्दल कुठल्याच पक्षाचा नेता अवाक्षर काढत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. लोकसभेवर एका माणसाला सलग तीनदा निवडून येता यावं. चौथ्या वेळी त्याने थांबावं. आणि तो थांबेल त्या निवडणुकीत त्याच मतदारसंघातून त्याचा जोडीदार, मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ यांपैकी कोणालाही उमेदवारी मिळू नये. पुढे एक निवडणूक सोडून त्याला पुन्हा यायचं तर खुशाल यावं. यातली घरच्यांची अट वगळायची असेल, तर मुदतीचा कायदा करूच नये असं माझं मत आहे. ते का, ते सांगते.

नाशिकच्या एका नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात मी नोकरी केली. शेवटची काही वर्षं संचालक मंडळाच्या सभांचं काम माझ्याकडे होतं. विषयपत्रिका पाठवायची, इतिवृत्त लिहायचं, ठरावांचे उतारे काढून द्यायचे. २०२० साली बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि संचालकाने सलग आठ वर्षांहून अधिक काळ पदावर राहायचं नाही हा व्यापारी बँकांचा नियम सहकारी बँकांनाही लागू झाला. (२०२५ पासून ही मर्यादा दहा वर्षं झाली आहे.) कोण कधीपासून मंडळावर आहे याचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. जुनी इतिवृत्तांची रजिस्टरं कपाटातून काढली. त्यांत काही नावं अशी होती की शाईचा रंग बदलला, लिहिणाऱ्याचं अक्षर बदललं, अध्यक्ष बदलले, पण उपस्थितांच्या यादीतली ती नावं जागची हलली नव्हती. आता तरी नवी माणसं येतील, म्हणून मला मनापासून बरं वाटलं होतं.

पुढच्या निवडणुकीला पॅनेल तेच होतं. जे थांबले त्यांच्या जागी कोणाची पत्नी, कोणाचा मुलगा, एकांची धाकटी सून. सभेच्या दिवशी जुने साहेब खाली शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये येऊन बसायचे. वर मोठं कर्जप्रकरण निघालं की नव्या संचालिका ‘एक मिनिट हं’ म्हणून उठायच्या, जिन्यात जाऊन फोन करायच्या आणि परत येऊन मत सांगायच्या. मी लिहायची, ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’

त्या बाईंना समजत नव्हतं असं कोणी समजू नये. एका थकीत खात्याच्या नूतनीकरणाचा विषय होता, तेव्हा तारण मालमत्तेचं मूल्यांकन इतकं जुनं कसं, नवं का करून घेतलं नाही, हा प्रश्न त्या खोलीत एकट्या त्यांनीच विचारला होता. उत्तर यायच्या आत त्यांचाच फोन वाजला. त्या बाहेर जाऊन आल्या आणि विषय मंजूर झाला. कायद्याने एका माणसाला खुर्चीवरून उठवलं खरं, पण खुर्ची त्याच्या घरातच राहिली, आणि एका हुशार बाईला तिथे बसून मान डोलवावी लागली. गावागावांत ‘सरपंचपती’ म्हणतात तो प्रकार याहून वेगळा नाही. २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभेत महिलांना एकतृतीयांश जागा मिळणार आहेत. त्या जागांवर हेच होऊ नये, ही मला बाई म्हणून वाटणारी काळजी आहे.

फिलिपिन्समध्ये हे देशपातळीवर घडलेलं आहे. तिथे १९८७ च्या राज्यघटनेने कनिष्ठ सभागृहाच्या सदस्याला सलग तीन आणि सिनेटरला सलग दोनच कार्यकाळ दिले. राजकीय घराणेशाही चालणार नाही हेही त्याच घटनेत लिहिलं, मात्र घराणेशाही म्हणजे काय हे संसदेने कायद्याने ठरवावं असं म्हटलं. तीन दशकं उलटून गेली तरी संसदेने तो कायदा केला नाही. मुदत संपली की बापाच्या जागी लेक, नवऱ्याच्या जागी बायको, आणि एक खेप गेली की पुन्हा मूळ पुरुष. आमच्या बँकेचीच ही मोठी आवृत्ती. अमेरिकेत १९५१ पासून अध्यक्षाला दोनदाच निवडून येता येतं, पण तिथल्या काँग्रेसच्या सदस्यांना अशी मर्यादा नाही, त्यामुळे त्यांचं उदाहरण आपल्याला फारसं उपयोगाचं नाही.

आता कोणी म्हणेल, मतदार आहेत ना मुदत घालायला, कायदा कशाला? नाशिकने तर ती घालून दाखवली आहे. १९६३ साली यशवंतराव चव्हाणांना बिनविरोध लोकसभेत पाठवणारं हे आपलं गाव. पुढे १९७७ पासून २००९ पर्यंत प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत इथला खासदार बदलला. विठ्ठलराव हांडे, प्रताप वाघ, मुरलीधर माने, डॉ. दौलतराव आहेर, डॉ. वसंत पवार, राजाराम गोडसे, माधवराव पाटील, उत्तमराव ढिकले, देविदास पिंगळे, समीर भुजबळ. लागोपाठ दोनदा निवडून आले ते हेमंत गोडसे, २०१४ आणि २०१९ ला. २०२४ ला राजाभाऊ वाजे आले.

या इतिहासाचा मला अभिमान आहे. पण मतदार निवडतो तो समोर आणून उभ्या केलेल्यांतून, आणि समोर कोण येणार हे नाशिकमध्ये ठरत नाही. २०२४ ची गोष्ट फार जुनी नाही. आपल्याकडे अर्ज भरायची शेवटची तारीख ३ मे होती. महायुतीचा उमेदवार जाहीर झाला १ मे रोजी. त्याआधी कित्येक आठवडे कोणाला तिकीट मिळणार याचे अंदाज आपण सगळे रोज पेपरात वाचत होतो, आणि ज्यांच्यासाठी तो खासदार निवडायचा त्या मतदारांना, अगदी त्या पक्षांच्या नाशिकमधल्या कार्यकर्त्यांनाही, कोणी काही विचारत नव्हतं. सहकारी बँकेच्या निवडणुकीत सभासदांची प्रारूप यादी लागते, हरकती घेतल्या जातात, मग अंतिम यादी लागते. एवढासा शेअर घेतलेला किराणा दुकानदार येऊन आपलं नाव का नाही म्हणून भांडतो आणि त्याचं नाव लावून द्यावं लागतं. राजकीय पक्षाने आपल्या सभासदांची यादी अशी भिंतीवर लावलेली मी तरी कधी पाहिली नाही. पक्षाने मतदारसंघातल्या सभासदांच्या गुप्त मतदानाने उमेदवार ठरवावा आणि मतदानाच्या निदान दोन महिने आधी जाहीर करावा, ही अट लोकप्रतिनिधित्व कायद्यात यायला हवी. मुदतीचा कायदा हिच्या जोडीनेच उपयोगी पडेल.

तिकिटाचा धाक काय करतो हे या जिल्ह्याला सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, लासलगाव-पिंपळगावचे लिलाव बंद पडले. त्या वेळी नाशिक आणि दिंडोरी, दोन्हीकडचे खासदार सत्ताधारी बाजूचे होते. त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही. पण पुढचं तिकीट ज्याच्या हाती त्याच्यासमोर माणूस किती ताठ उभा राहील? त्यात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप, म्हणजे मतदान कसं करायचं याचा पक्षाचा आदेश, मोडणाऱ्याचं सदस्यत्व जातं. विश्वास-अविश्वासाचे ठराव, अर्थविधेयकं अशा मोजक्या बाबींपुरताच हा बडगा ठेवावा, असं निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सांगितलं होतं. सरकार पाडायला माणसं फुटतात ती फुटतातच, हे महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये पाहिलं. एखाद्या विधेयकावर मतदारसंघाच्या बाजूने मत द्यायचं म्हटलं की मात्र सगळे बांधलेले.

पैशांबद्दल फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ छापून येतं. एवढंच, की लोकसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे आणि त्याच्या पक्षाला कसलीच मर्यादा नाही. अशा वेळी बाहेरून येणारा नवा माणूस टिकणार कसा?

मुदतीच्या विरोधातला खरा आक्षेप वेगळा आहे. सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं नाव कोणीही पुढे करेल, आणि करावंच. शेतकरी कामगार पक्षाचे अकरा वेळा आमदार, आणि राहणी इतकी साधी की विरोधकांनीही मान द्यावा. शेजारच्या नंदुरबारने माणिकराव गावितांना सलग नऊ वेळा लोकसभेत पाठवलं. अशा माणसांना कायद्याने थांबवायचं का? मी यावर बराच विचार केला आहे. गणपतराव १९९५ ला हरले आणि १९९९ ला सांगोल्याने त्यांना पुन्हा निवडून दिलं. ज्याचं काम आहे त्याला लोक पाच वर्षांत विसरत नाहीत. म्हणूनच मी कायमची बंदी मागत नाही, एक खेप थांबायला सांगते. त्या पाच वर्षांत दुसऱ्या कोणाला तरी काम शिकता येईल.

खालच्या पायरीवर आपण नियमांची कमतरता ठेवलेली नाही. आपल्या राज्यात नगरसेवकाला किंवा ग्रामपंचायत सदस्याला तिसरं अपत्य झालं तर पद जातं. खासदाराला तसा नियम नाही. वयाची २५ वर्षं पूर्ण आणि मतदारयादीत नाव असलं की तो हवा तितक्या वेळा उभा राहू शकतो. उलट जितकी वर्षं जास्त, तितकं निवृत्तिवेतन वाढतं. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार माजी खासदाराला दरमहा ३१,००० रुपये, आणि पाच वर्षांच्या पुढच्या प्रत्येक वर्षासाठी दरमहा २,५०० रुपये जादा मिळतात. नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या ईपीएस-९५ या योजनेचं किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार रुपये आहे. ते वाढावं म्हणून आमच्यासारखे निवृत्त लोक उन्हात बसून निदर्शनं करतात.

राज्यघटनेच्या कलम १०२ प्रमाणे अपात्रतेच्या अटी घालायचा कायदा संसदेला करता येतो. ज्यांना थांबायचं आहे त्यांनीच तो करायचा, ही यातली अडचण आहे, आणि ते आपण होऊन करतील असं मला वाटत नाही. म्हणून आपल्याकडे एक मागणं आहे. निवडणुकीच्या काळात आपण उमेदवारांची मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे यांचा तक्ता छापता. २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे ही माहिती प्रतिज्ञापत्रात येऊ लागली. त्या तक्त्यात आणखी तीन रकाने घाला. हा उमेदवार सलग कितव्यांदा उभा आहे, त्याच्या घरातलं आणखी कोण कोणत्या पदावर आहे किंवा होतं, आणि त्याची उमेदवारी कोणी, कोणत्या तारखेला ठरवली. हे छापायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. नाशिक, दिंडोरी, आणि मालेगाव-बागलाण ज्यात येतात तो धुळे, या तीन मतदारसंघांचा असा जुना तक्ता करून द्यायची माझी तयारी आहे. आपला बातमीदार पाठवलात तर पहिल्या निवडणुकीपासून बसून काढून देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी
जेल रोड, नाशिकरोड