कडेचा फोटो

सातारा,
रविवार, रात्र

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याचं वाचलं, सुनेच्या नोकरीचं वाचलं, आणि शेवटच्या ओळीवर अडकलो: “नासाचे ते गुरूचे फोटो म्हणजे नुसती रंगरंगोटी.” चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेल्या माणसानं हे म्हणावं? अल्बममधली नवरी दोन छटा उजळ कोण करायचं रे?

थोडं खरं आहे तुझं. गुरूकडे गेलेल्या नासाच्या व्हॉयेजर यानाच्या कॅमेऱ्याला रंग कळतच नव्हता. वेगवेगळ्या फिल्टरमधून एकामागून एक काळेपांढरे फोटो घ्यायचे आणि ते इथे आल्यावर एकावर एक बसवायचे. एका फोटोत ठिपके किती, तर 800 गुणिले 800. तुझ्या नातवाचा मोबाइलसुद्धा हसेल.

पण माझा लाडका फोटो रंगीत नाही, देखणा तर नाहीच. तू तो ट्रेमधून उचलून थेट टोपलीत टाकला असतास.

5 मार्च 1979 ला व्हॉयेजर 1 गुरूजवळून गेलं. तीन दिवसांनी, सुमारे 45 लाख किलोमीटरवरून, त्यानं आयो या चंद्राचा फोटो घेतला. तोही कामापुरता. मागचे तारे बघून यान नेमकं कुठे आहे ते ठरवायचं होतं. अंधुक तारे उमटावेत म्हणून एक्स्पोजर वाढवलेलं, त्यामुळे आयो साफ ओव्हर. कॅलिफोर्नियात, नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, लिंडा मोराबिटो ही मार्ग आखणाऱ्या गटातली इंजिनिअर त्यातला एक मिणमिणता तारा शोधत होती. तिनं पडद्यावर फोटो उजळला, तर आयोच्या कडेबाहेर छत्रीसारखं काहीतरी. मागून दुसरा चंद्र डोकावतोय म्हणावं, तर त्या जागी कुठला चंद्र असायलाच नको होता. एकेक शंका खोडत गेल्यावर उरला ज्वालामुखी. त्याचा फवारा अडीचशे किलोमीटरहून उंच! सातारा-मुंबई रस्ता उभा केलास तर साधारण तेवढा. त्याच फोटोत, उजेड-अंधाराच्या सीमेवर, दुसराही एक चमकत होता. पृथ्वीबाहेरचा जागता ज्वालामुखी माणसानं पहिल्यांदा पाहिला तो असा.

तुझी आठवण आली ती इथेच. मी सुट्टीत तुझ्या स्टुडिओत बसायचो तेव्हा तू म्हणायचास, “कडा बघ. मधलं काय, सगळेच बघतात.” आणि त्या मुंजीच्या फोटोत कडेला पेंगणारे भटजी दाखवले होतेस.

गंमत म्हणजे आदल्याच आठवड्यात, 2 मार्चला, ‘सायन्स’ या नियतकालिकात पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं की आयोचं पोट वितळलेलं असणार. युरोपा आणि गॅनिमीड हे गुरूचे आणखी दोन चंद्र. आयोच्या चार फेऱ्यांत युरोपाच्या दोन होतात आणि गॅनिमीडची एक. हे दोघे ठरल्या तालात ओढत राहतात, म्हणून आयोची कक्षा पूर्ण गोल होत नाही. गुरूच्या कधी जवळ, कधी लांब, असा तो सतत दाबला जातो आणि सुटतो. तार तोडायला पुढेमागे वाकवली की बोटाला चटका बसतो ना, तसंच.

आता तुझ्या धंद्यातली गोष्ट. 2016 मध्ये नासाचं जूनो हे यान गुरूभोवती फिरू लागलं. किरणोत्सारानं त्याचा कॅमेरा इतका बिघडला की फोटोंवर नुसते ओरखडे. आयोची भेट तोंडावर आलेली. मग काय केलं? इथूनच हुकूम धाडून कॅमेऱ्याला शेक दिला! हीटर पूर्ण चालवला, आणि सुरुवातीला काहीच फरक नाही, मग एकदम चित्रं निवळली. 30 डिसेंबर 2023 ला दीड हजार किलोमीटरवरून आयोचे डोंगर स्वच्छ आले. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून तू लेन्सच्या कपाटात बल्ब पेटता ठेवायचास, आणि वहिनी विजेच्या बिलावरून ओरडायच्या. त्यांना हे जरूर वाचून दाखव.

जूनोचे कच्चे फोटो नेटवर सगळ्यांना खुले आहेत. हौशी लोक ते घरी बसून धुतात. तू पण एक घे. रंगरंगोटी कर हवी तेवढी, पण मला पाठव.

आणि इकडे येशील तेव्हा तुझा तो जड ट्रायपॉड आण. गच्चीवरून गुरू छान दिसतो, पण दुर्बीण हातात धरली की त्याचे चारही मोठे चंद्र थरथरतात.

तुझा,
बाकावरचा शेजारी