मंगळवारची पुडी

प्रिय आई-बाबा,

हे पत्र गोळ्यांच्या डब्यात ठेवतेय, कारण तो डबा बाबा रोज उघडतात. निदान फोनवर तसं सांगतात तरी.

तुम्हाला वाटतंय, मी यंदापुरतीच मालदीवला परत चाललेय. तसं नाही. आणखी दोन वर्षांच्या करारावर गेल्या महिन्यातच सही केली. परवा आई फणस सोलत होती तेव्हा सांगणार होते, पण ती म्हणाली, "पुढच्या गणपतीत तू असशीलच," आणि माझी जीभच रेटेना.

पैशासाठी नाही गं. म्हणजे पैशासाठीही आहे, छपराचं तुम्हाला माहीतच आहे. पण तिथली पहिलीची मुलं धिवेही उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून इंग्रजीची वहीही मागून उघडतात. वर्षभर मी पानाच्या डाव्या कोपऱ्यात लाल टिंब काढून द्यायचे. शेवटच्या आठवड्यात एकीने टिंबाची वाट न बघता आपणहून डावीकडून सुरुवात केली. आता ती दुसरीत वाक्यं लिहायला लागणार आणि मी इथे बसू? यंदा बॅगेत कपड्यांपेक्षा अक्षरांची कार्डंच जास्त आहेत. (आई, तुझी शिवणाची कात्री बोथट झाली ती त्यानेच. रागावू नको.)

खाण्याची काळजी नको. नारळ, कढीपत्ता, मासळी, सगळं आपल्यासारखंच. सकाळी मासहुनी, म्हणजे ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची. सोबत रोशी, ती आपली चपातीच समज. पाणी उकळूनच पिते.

बाबा, तुम्ही बॅगेत हळूच ठेवलेला गणपती मी पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलाय. पूजेची मूर्ती तिथे नेता येत नाही, कायदाच आहे. वाईट वाटून घेऊ नका. दिवे गेले की ओटीवर मला मांडीत घेऊन तुम्ही अथर्वशीर्ष म्हणवून घ्यायचात, ते अजून एका दमात येतं. ते कुठल्या बॅगेत शोधणार?

आता ऐका. रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, माडीवर वाळवण घालायला तू चढायचं नाहीस. मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायची नाही, तेव्हा मी रजा काढून येतेय. फोन रोज तुमच्या साडेनऊला, माझे तेव्हा नऊ वाजतात. रविवारी सकाळी करू नका, आमची शाळा असते, सुट्टी शुक्रवार-शनिवार.

आठवड्याच्या सात पुड्या बांधून ठेवल्यात. हे पत्र मंगळवारच्या पुडीला गुंडाळलंय. मंगळवारी रात्रीपर्यंत तुमचा रागाचा फोन आला नाही, तर गोळी चुकली असं मी समजेन.

तुमची,
बाबी