केडंबेचं स्मारक नुसता पुतळा होऊ देऊ नका

प्रति,
मा. मुख्यमंत्री तथा गृहमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातला एक साधा माणूस. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावी शहीद तुकाराम ओंबळे यांचं स्मारक करायला सरकारने १३ कोटी ४६ लाख मंजूर केले आणि मार्च २०२५ मध्ये त्यातला २ कोटी ७० लाखांचा पहिला हप्ता दिला, त्याबद्दल आधी मनापासून आभार. उशीर झाला पण झालं. आता जे सांगायचंय ते या स्मारकाबद्दलच आहे.

ओंबळे साहेबांनी काय केलं ते महाराष्ट्राला माहीत आहे, तरी परत लिहितो कारण २००८ नंतर जन्मलेली पोरं आता कॉलेजात जायला लागलीत. २००८ च्या मुंबई हल्ल्यात, २६ नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीला डी. बी. मार्ग पोलीस स्टेशनची नाकाबंदी होती, अतिरेकी स्कोडा गाडीतून पळाल्याचा मेसेज वायरलेसवर आला होता, गाडी बॅरिकेडच्या अलीकडे थांबली, वळायला गेली ती डिव्हायडरला अडकली. गाडी चालवणारा इस्माईल मारला गेला, पण त्याचा साथीदार कसाब एके-४७ घेऊन बाहेर आला आणि ओंबळे साहेबांच्या हातात फक्त लाठी. त्यांनी रायफलची नळीच धरली, गोळ्या पोटात घेतल्या आणि सोडली नाही, तोवर बाकीच्यांनी कसाबला धरला. एएसआय, म्हणजे सहायक पोलीस उपनिरीक्षक होते ते. आधी आर्मीत नोकरी केलेली, मग पोलीस.

कसाब जिवंत सापडला म्हणून पुढचं सगळं झालं साहेब. कट कुठे शिजला, ट्रेनिंग कोणी दिलं, समुद्रातून कसे आले, हे त्याच्या तोंडून बाहेर आलं, स्पेशल कोर्टात केस चालली, २०१० ला फाशीची शिक्षा झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात ती अंमलात आली. दहाच्या दहा अतिरेकी मेले असते तर पाकिस्तानने हात झटकले असते, आमचा काही संबंध नाही म्हणून. एका लाठीवाल्या पोलिसाने अख्ख्या देशाला पुरावा मिळवून दिला. अशोक चक्र मिळालं, चौपाटीवर पुतळा झाला, २०२१ मध्ये तर संशोधकांनी ठाणे-कल्याणकडे सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला 'तुकारामी' नाव दिलं, मला ते वाचून फार बरं वाटलं होतं.

आता मागणी. केडंबेत फक्त चौथरा, पुतळा, झेंडा आणि वर्षातून एकदा हार एवढंच होऊ देऊ नका. सातारा जिल्ह्यात कुठल्याही गावात पहाटे जा, पोरं-पोरी डांबरी रस्त्यावर भरतीसाठी पळताना दिसतील, १६०० मीटरची तयारी ट्रकच्या बाजूने चाललेली असते. त्यांना धड मैदान नाही, गोळाफेकीला जागा नाही, अभ्यासाला खोली नाही. स्मारकाच्या जागेत पळायचा ट्रॅक करा, अभ्यासिका करा, राहायची सोय करा, लांबच्या वाडीवस्तीवरचं पोरगं तिथे चार महिने राहून तयारी करू दे. ओंबळे साहेबांचं नाव घेऊन वर्दीत जाणारी पोरं तिथून निघाली तर त्याहून मोठा मान कुठला?

आणि एक भिंत करा, त्या रात्री गेलेल्या सगळ्या पोलिसांची. करकरे साहेब, कामटे साहेब, साळसकर साहेब यांची नावं सगळ्यांना पाठ आहेत आणि असायलाच पाहिजेत. पण हे तिघे ज्या क्वालिस गाडीत मारले गेले त्याच गाडीत त्यांच्यासोबत गेलेले पोलीस जयवंत पाटील, योगेश पाटील, बाळासाहेब भोसले किती जणांना माहीत आहेत? कामा हॉस्पिटलमध्ये गेलेले पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) प्रकाश मोरे, कॉन्स्टेबल विजय खांडेकर? सीएसटीला सर्व्हिस रिव्हॉल्व्हर घेऊन एके-४७ समोर उभे राहिलेले शशांक शिंदे साहेब? ताजमध्ये गेलेला एसआरपीएफचा (राज्य राखीव पोलीस दलाचा) राहुल शिंदे, माढा तालुक्यातल्या सुलतानपूरचा, त्याच्या गावकऱ्यांनी तर गावालाच राहुलनगर नाव द्यायचं ठरवलं. गावाला जे सुचलं ते सरकारला सुचायला काय हरकत आहे. प्रत्येकाचं नाव, हुद्दा, गाव आणि तो कुठे, काय करताना गेला याच्या दोन ओळी, मराठीत, लहान पोराला वाचता येईल अशा अक्षरात. नुसती नावांची यादी नको, यादी कोणी वाचत नाही.

अजून एक, काम कुठवर आलं, किती खर्च झाला, कधी पूर्ण होणार हे साइटवर आणि मेढ्याच्या तहसील ऑफिसात बोर्डावर लावा आणि दर तीन महिन्यांनी बदला. पुढचे हप्ते फायलीत अडकले असं आम्हाला ऐकायला मिळू नये. आणि डिझाईन फायनल करायच्या आधी ओंबळे कुटुंबाला आणि केडंबेच्या ग्रामसभेला एकदा विचारा, त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच असेल.

उत्तराची वाट बघतोय.

आपला,
एक सातारकर