आई-बाबा, या वेळचं सीझर ठरवून आहे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सगळं नीट बोलून होत नाही. आई 'बरं बरं' म्हणते, फोन ठेवते आणि रात्रभर जागी राहते, असं वहिनी सांगत होती. बाबा तर फोनवर काही विचारतच नाहीत. म्हणून हे पत्र. दोघांनी सावकाश वाचा, लागलं तर दोनदा वाचा.

तुमच्या डोळ्यांसमोर चिनूच्या वेळची रात्र आहे, हे मला ठाऊक आहे. दिवसभराच्या कळा, पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडून अडलेलं, मग एकदम बाळाचे ठोके कमी झाले, सह्या घेतल्या आणि मला आत नेलं. तुम्ही बाहेर बाकावर बसून होतात आणि बराच वेळ कोणी काही सांगितलं नाही. त्या रात्रीला तुम्ही 'सीझर' म्हणता. पण ते घाईचं सीझर होतं. कळांनी थकलेल्या बाईचं आणि घाईत असलेल्या डॉक्टरांचं. आता होणार आहे ते ठरवलेल्या दिवशी, सकाळी, सगळी तयारी करून. मला रात्रभराची झोप मिळालेली असेल, रक्त राखून ठेवलेलं असेल, भूलतज्ज्ञ आदल्या दिवशीच भेटून गेलेले असतील. ऑपरेशनचं नाव तेच, पण या दोन गोष्टी एक नाहीत, एवढं आधी मनात पक्कं करा.

आईचा प्रश्न आहे, की या खेपेला नॉर्मल का नाही. आई, हा प्रश्न मीही डॉक्टरांना विचारला आणि त्यांनी मोडीत काढला नाही. एका आडव्या छेदाच्या सीझरनंतर नॉर्मलसाठी प्रयत्न करता येतो. ज्यांना तो करू देतात त्यांच्यातल्या शंभरात साधारण 60 ते 80 जणींना यशही येतं. बाबा, तुम्ही जे 'एकदा सीझर की कायम सीझर' म्हणता, ते न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या प्रसूतितज्ज्ञाचं 1916 सालचं वाक्य आहे. त्या काळी गर्भपिशवीवर उभा छेद घेत, आणि पुढच्या कळांमध्ये तो फाटायची भीती फार असे. पुढे खालच्या बाजूला आडवा छेद घेऊ लागले आणि तो नियम सैल झाला. आता आडवा छेद असेल तर प्रयत्नात पिशवी फाटण्याचा धोका सुमारे 200 मध्ये एक. पण फाटली तर मिनिटांचा खेळ असतो, म्हणून ऑपरेशन थिएटर आणि रक्त चोवीस तास हाताशी हवं.

माझ्या बाबतीत गेल्या वेळी बाळ खाली सरकलंच नव्हतं. ज्यांचं पहिलं सीझर या कारणाने झालेलं असतं, त्यांच्यात नॉर्मल होण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी. आणि सगळ्यात त्रासदायक वाट म्हणजे तासन्‌तास कळा काढून शेवटी पुन्हा घाईचं सीझर. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, सगळं त्यात जास्त. ती वाट मला पुन्हा नको. दुसऱ्या कुणी बाईने माझ्या जागी प्रयत्न करायचं ठरवलं असतं तर मी तिलाही चुकीचं म्हटलं नसतं. निर्णय माझा आणि सुहासचा आहे, कुणी गळ्यात मारलेला नाही. सरसकट सीझर करतात अशी ओरड आहे आणि ती खोटीही नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सीझरने झाली होती, सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के. म्हणूनच मी कारण विचारलं, खोदून विचारलं, आणि मला पटलं.

आता तारखेचं. 39 आठवडे पूर्ण झाल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत, आणि कळा आपसूक सुरू झाल्या नाहीत तर मलाही त्याआधी नकोय. कळा न येता आठवडा-दोन आठवडे आधी काढलेल्या बाळाच्या फुप्फुसांत पाणी राहून श्वासाची धाप लागू शकते, काचेच्या पेटीत ठेवावं लागतं. आत्या गुरुजींकडून काढून आणेल तो मुहूर्त 39 आठवड्यांच्या पुढचा आणि डॉक्टरांच्या सोयीचा असेल तर आनंदच आहे. त्याच्या अलीकडचा असेल तर नाही. आणि ठरल्या दिवसाआधीच कळा आल्या किंवा पाणी गेलं, तर आम्ही लगेच निघणार. मग घाबरून जाऊ नका, तीही शक्यता धरूनच ठेवली आहे.

सोनोग्राफीची एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती ऐकून मला स्वतःला फार हायसं वाटलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टर सगळ्यात आधी वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, कुठे आहे ते बघतात. वार खाली, पिशवीच्या तोंडावर आणि जुन्या टाक्यांवर बसली असेल तर ती आत रुतून राहू शकते. मग ती सुटत नाही आणि रक्त थांबवणं अवघड होतं. अशी खाली बसलेली वार असताना रुतण्याचा धोका दुसऱ्या सीझरला सुमारे 11 टक्के आणि तिसऱ्याला 40 टक्क्यांच्या घरात जातो. माझी वार वर आहे, पाठीमागच्या बाजूला, टाक्यांपासून लांब. आई, देवापुढे दिवा लावतेस ना, त्यात हेही सांग.

माझं हिमोग्लोबिन मध्ये उतरलं होतं, ते सलाईनमधून लोह देऊन वर आणलंय. दोन पिशव्या रक्त राखून ठेवायला सांगितलंय. बाबा, तुम्ही 'माझं घ्या' म्हणालात ते मला पोचलं. पण 65 च्या पुढे रक्तदान घेत नाहीत. सुहासचे मित्र तयार आहेत.

त्या दिवशी काय होईल ते सांगते. आदल्या रात्री हलकं जेवायचं, मग पोट रिकामं. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत घोटभर चालतं. आत नेल्यावर टेबलाच्या कडेला बसवतात, हनुवटी छातीला टेकवून पाठ बाहेर काढायला सांगतात. सिस्टर समोरून खांदे धरते. कमरेवर स्पिरिटचा गार बोळा फिरतो, बारीक सुई टोचते, आणि बघता बघता पाय ऊबदार आणि जड होतात. थोड्या वेळाने उचलू म्हटलं तरी उचलत नाहीत. पोटात हात फिरल्याचं, ओढल्याचं, छातीखाली दाबल्याचं कळतं, पण दुखत नाही. मळमळ होते, दात वाजतात एवढी थंडी भरते, दोन्ही गोष्टी नेहमीच्या. या इंजेक्शनने पाठ जन्माची जाते असं शेजारच्या काकू म्हणतात, तसं काही सिद्ध झालेलं नाही. बाळंतपणानंतरची पाठदुखी नॉर्मलवाल्यांनाही होते, वाकून पाजण्यामुळे आणि उचलण्यामुळे.

छेद जुन्याच जागी. पण बाबा, तुम्ही घड्याळ बघत बसू नका. पहिल्या वेळी पोटातले थर मोकळे असतात. एकदा ऑपरेशन झालं की ते उन्हात एकावर एक पडलेल्या ओल्या पापडांसारखे चिकटलेले असू शकतात आणि एकेक अलगद सोडवावे लागतात, मूत्राशयाला धक्का लागू न देता. त्यामुळे बाळ बाहेर यायलाही वेळ लागू शकतो आणि एकूण ऑपरेशनलाही. उशीर म्हणजे काही बिनसलं असं नाही. सुहासला आत सोडणार आहेत, बाळ झालं की तो बाहेर येऊन तुम्हाला सांगेल, हे मी ठरवून घेतलंय. गेल्या वेळसारखं तुम्हाला ताटकळत ठेवायचं नाही. बाळाचा श्वास थोडा जलद वाटला म्हणून काही तास नजरेखाली ठेवलं, तरी हातपाय गाळू नका. ठरवून केलेल्या सीझरमध्ये तसं कधीकधी होतं आणि बहुतेक बाळं एक-दोन दिवसांत मोकळी होतात.

जमलं तर तिथेच बाळ माझ्या छातीवर देणार आहेत आणि तासाभरात पाजायचं आहे. पहिला पिवळा चीक बाळालाच. आई, सोन्याची अंगठी बुडवून मध चाटवायचा विचार असेल तर तो सोड, हात जोडून सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून एक घातक विषबाधा होऊ शकते. गुटीही नको.

दुसऱ्या खेपेला पाजताना पोटात कळा जोरात येतात, पिशवी आकसते म्हणून. हे तुला मी काय सांगावं, दादाच्या नंतर माझ्या वेळी तू भोगलंयस. दुखण्याच्या गोळ्या मात्र मी वेळच्या वेळी घेणार. आई, 'दुधात उतरेल' म्हणून त्या थांबवायच्या नाहीत. देतात त्या गोळ्या पाजणाऱ्या बाईला चालणाऱ्याच असतात, आणि दुखणं दाबून झोपून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्त गोठायची भीती असते. दुसऱ्या दिवसापर्यंत मला उभं करतील, चालवतील. ते बघून रडू नको. कुशीवर वळायचं, हाताने रेटा देऊन उठायचं, खोकताना पोटाशी उशी धरायची, हे सगळं मला आता येतं. तीन-चार दिवसांत घरी.

घरी आल्यावरच्या काही गोष्टी या वेळी वेगळ्या करायच्या आहेत. पाणी मोजून द्यायचं नाही. गेल्या वेळी टाके ओले राहतील म्हणून पाणी तोडलं होतं. टाक्यांचा पाण्याशी संबंध नाही, मलावरोधाने मात्र टाक्यांवर ताण येतो. भाजी, फळं, वरणभात सगळं खाणार. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू तर हवेतच, ते कोण नको म्हणेल! खाटेखाली शेगडी आणि ओवा-बाळंतशोपांची धुरी मात्र नको. बाळाच्या फुप्फुसांत धूर जातो. शिवाय आई, माझ्या टाक्यांच्या वरचा चार बोटांचा पट्टा अजून बधिर आहे. तिथे गरम पिशवी ठेवली तर चटका बसलेला मला कळणारच नाही. मालिशवाल्या मावशींनी हात-पाय-पाठ चोळावी, पोटाला हात लावायचा नाही. पोटाचा पट्टा मी आधारापुरता बांधेन, त्याने पोट आत जात नाही.

लक्ष कशावर ठेवायचं ते सांगते, कारण तुझी नजर सगळ्यात पक्की. ताप 100.4 च्या वर गेला, टाके लाल होऊन गरम झाले किंवा पू आला, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास आला, तासाभरात पॅड भिजलं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे आले, यातलं एक जरी झालं तरी 'सकाळी बघू' नाही. रात्री दोन वाजता असलं तरी सुहासला उठवायचं.

खरं काम आहे चिनूचं. तो आता बारा-तेरा किलोचा झालाय आणि मला पुढचे सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलता येणार नाही. तो दारातून धावत येऊन हात वर करतो, 'घे' म्हणतो. त्याला 'नाही' म्हणायचा विचार आला तरी माझं काळीज हलतं, टाक्यांपेक्षा मला याचीच चिंता आहे. मी खुर्चीत बसेन, पोटाशी उशी ठेवेन आणि तो शेजारून चढेल, असं आत्तापासून शिकवतेय. बाबा, इथे मला तुम्ही हवे आहात. सकाळी त्याला बागेत न्या, तुमच्या शेताच्या आणि बैलांच्या गोष्टी सांगा, दुपारी शेजारी झोपवा. दवाखान्यातही तुम्हीच त्याला घेऊन या. तो आत येईल तेव्हा बाळ पाळण्यात असेल आणि माझे दोन्ही हात मोकळे असतील. आधी त्याला जवळ घेईन, मग तोच बाळ बघेल.

आणि आई, सव्वा महिना तू ओट्याशी उभी राहायचं नाहीस. तुझे गुडघे मला दिसतात. दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला बाई ठेवली आहे, सासूबाईंनीच शोधली. तू माझ्याजवळ बस, बाळ मांडीवर घे, मला जेव म्हण. मला तुझ्या हातचं काम नकोय, तू हवी आहेस.

एक राहिलं. तिसरं मूल नाही, हे आमचं ठरलंय. प्रत्येक सीझरगणिक चिकटणं आणि वारेचा धोका वाढतो. पोट उघडलेलंच असतं म्हणून माझ्याच नळ्या बांधून टाका असं सगळे सुचवतात. सुहासने सांगितलं, 'तुझं दोनदा पोट कापलं जाणार, आता हे मी करतो.' पुरुषांची नसबंदी तेवढ्याच जागेपुरती भूल देऊन, बिनटाक्याची होते, त्याच दिवशी घरी येतात. पुढे तीन महिने आणि तपासणी होईपर्यंत काळजी घ्यायची, एवढंच. आपल्या देशात त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 37.9 टक्के विवाहित बायकांची शस्त्रक्रिया झालेली होती आणि पुरुषांची 0.3 टक्के. बाबा, गावात कुणी काही बोललं तर तुम्ही जावयाच्या बाजूने उभे राहाल, याची मला खात्री आहे.

येताना बाबांच्या साखरेच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घ्या, इथे तोच ब्रँड मिळेलच असं नाही. जुन्या सुती साड्यांची दुपटी धुऊन उन्हात वाळवून आण. डिंक आपल्या कराडच्या दुकानातलाच. कोयनेची तिकिटं सुहास काढतोय, खालचे बर्थ नसतात तिला, पण खिडकीशेजारच्या सीट बघतो. तो स्टेशनवर येईल, तोपर्यंत सामान उचलू नका.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
मनू

ता. क. आत्याला मुहूर्ताचं मी स्वतः फोन करून सांगते, तुम्ही मध्ये वाईटपणा घेऊ नका.