पावसातली गिटार आणि आमचा ढोल

मा. संपादक, स. न.

४ फेब्रुवारी २००७ रोजी मायामीत अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोलमध्ये मध्यंतराला प्रिन्स हा गायक उभा राहिला तेव्हा पाऊस कोसळत होता. त्याचे चित्रण परवा मुलाने दाखवले. निसरडा मंच, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि बोटे भिजलेल्या गिटारीवर जराही न अडखळता फिरताहेत. मी ते तीनदा पाहिले.

याउलट आपल्याकडे नुकत्याच एका कबड्डी स्पर्धेच्या उद्घाटनाला पाहुणे गायक नुसते ओठ हलवत होते. माइक तोंडापासून हातभर लांब, तरी आवाज तसाच! आमचे ढोलपथक मात्र दोन तास मैदानाबाहेर ताटकळले. खांद्याला पट्ट्याचे वळ उठलेली ती पोरे शेवटी न वाजवताच घरी गेली. फार वाईट वाटले. नाशिक ढोल राज्यभर वाजतो, आणि नाशिकच्याच मैदानावर त्याला जागा नाही?

आयोजकांनी पुढच्या स्पर्धेत मध्यंतराची दहा मिनिटे पथकाला द्यावीत. गायकही बोलवा, पण तो प्रत्यक्ष गाणारा हवा.

– एक ढोलवादक, पंचवटी, नाशिक