पंचांगाच्या चौकटीत भरती-ओहोटीही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोग्या अलिबागच्या सहलीवर आपल्या पुरवणीत एक लेख आला होता. तो कापून मी पर्समध्ये ठेवला होता. थंडीतली पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा), नारळी-पोफळीच्या वाड्या, जेवायचे कुठे, सगळे त्यात होते. समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर "चालत जाता येते" असेही होते. कधी चालत जाता येते, ते मात्र नव्हते. त्या एका वाक्याच्या भरवशावर आम्ही गेलो, म्हणून हे पत्र.

मी दारव्हा तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. मुलगा डोंबिवलीला असतो. तुरीची मळणी आटोपली की आम्ही दोघे आणि सासूबाई पंधरा दिवस त्याच्याकडे जातो. शकुंतला चालू होती तेव्हा दारव्ह्याहून मूर्तिजापूरपर्यंत रेल्वे होती. आता आधी एसटीने बडनेरा आणि तिथून रात्रीची गाडी. इतक्या लांब आल्यावर हातात एखादाच दिवस मोकळा मिळतो. मुंबईकराला पुढच्या रविवारी पुन्हा जाता येते, आम्हाला थेट पुढच्या वर्षी.

आम्ही पौष पौर्णिमा निवडली. मुलाला सुट्टी होती आणि दिवस चांगला. पहाटे डोंबिवली सोडली, गेटवेहून बोट धरली. तासाभरात मांडवा, आणि त्याच तिकिटावर पुढे बसने अलिबाग, साधारण वीस किलोमीटर. इथवर लेखात होते तसेच झाले. दुपारी बाराच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचलो तर किल्ल्याच्या चारही अंगांनी पाणीच पाणी. सासूबाई ७८ वर्षांच्या. त्यांनी लुगडे घोट्याच्या वर खोचूनही घेतले होते. त्या म्हणाल्या, "हे पानी ओसरते कधी मंग?" उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. आमच्या अडाण नदीचा पूर एकदा चढतो नि उतरतो, पुढचा पाऊस पडेपर्यंत विषय संपला. दिवसातून दोनदा चढणारे आणि दोनदा उतरणारे पाणी मी पुस्तकातून पस्तीस वर्षे शिकवले, पण त्याच्यासमोर उभी पहिल्यांदाच राहिले.

शेजारी टोपलीत सुकट आणि बोंबील घेऊन एक कोळीणबाई बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "आज तिथी कंची?" पौर्णिमा म्हटल्यावर म्हणाल्या, मग बाराला भरती असणारच, पाणी हटेल संध्याकाळी सहाला. सहापर्यंत थांबलो असतो तर परतीची बोट गेली असती. मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंधरवड्यातली तिथी घ्यायची, शुक्ल असो की कृष्ण. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि या हिशेबात पंचेचाळीसच धरली जातात. मी तिथेच लेखाच्या कात्रणामागे मांडून पाहिले. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे एका दिवसात जाऊन येणाऱ्याच्या काहीच कामाची नाही. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, पण तेव्हा भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, पाणी पुरते हटत नाही. बाहेरगावाहून सकाळच्या बोटीने येणाऱ्याला एकादशी-द्वादशी सोयीची. दुपारी अडीच-तीनला पाणी उतरलेले असते आणि परतीला वेळ राहतो.

महोदय, तिथी आमच्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. घरोघरी दिनदर्शिका टांगलेली असते आणि एकादशी तर सासूबाई कधी चुकवत नाहीत. आपणही रोज पंचांगाची चौकट छापता. म्हणजे हवी ती माहिती आमच्या हातात होती, तिचा समुद्राशी संबंध काय तेवढे कोणी सांगितले नव्हते.

त्या दिवशी किल्ला राहिला, पण दिवस वाया गेला नाही. रेवदंड्याच्या रस्त्यावर अलिबागजवळच आक्षी नावाचे गाव आहे. तिथे शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा. आम्ही रिक्षा करून गेलो. डोक्यावर चंद्र-सूर्य कोरलेला उभा दगड. अक्षरे झिजली आहेत, मला दोन-तीनच लागली. पण सुरुवातीचा अर्थ 'जगात सुख नांदो' असा आहे हे मी वर्गात कितीदा सांगितले होते. नातवाचे बोट धरून एकेका अक्षरावरून हवेतच फिरवले, दगडाला हात लावू दिला नाही. रिद्धपूर आमच्यापासून फार लांब नाही, तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. विदर्भातला माणूस समुद्र पाहायला गेला तर त्याला हा दगडही दाखवावा असे मला मनापासून वाटते. आपल्या लेखात त्याचा उल्लेख नव्हता.

नंतर द्वादशीला मुलाने रजा काढली आणि आम्ही पुन्हा गेलो. तीन वाजता पाणी उतरले होते. वाळूवर लाटांनी ओढलेल्या रेघा पाहून हे म्हणाले, वखराची तासंच जणू. घोट्याएवढ्या पाण्यातून, शेवाळाच्या दगडांवर एकमेकांना धरत आम्ही चालत गेलो. सासूबाईंना मात्र घोडागाडीत बसवले. किल्ल्यात आंग्र्यांच्या वेळचे गणपतीचे देऊळ आहे आणि भर समुद्रात गोड्या पाण्याचा साठा. सासूबाईंनी ओंजळभर पाणी तोंडाला लावले आणि कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आपल्या हिरीसारखं गोड लागते." पाणी फिरायच्या आत निघा, असे कोळीणबाईंनी बजावले होते, म्हणून आम्ही तिथे जास्त रेंगाळलो नाही.

किल्ला पाहायला न मिळणे ही लहान गोष्ट झाली. पण भरतीत किल्ल्यावर अडकलेल्या पर्यटकांना बाहेर काढल्याच्या बातम्या आपणच छापता. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, त्या दिवशी आमच्या शाळेत कोणाला शिकवणे सुचले नव्हते. आमच्या भागातली मुले विहिरीत आणि नदीत पोहायला शिकतात. पाणी मागे जाताना पाय ओढते हे त्यांना कोण सांगणार?

आणखी एक. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, बाकी महाराष्ट्रात त्याआधी पंधरवडाभर. त्यामुळे आमच्याकडची कितीतरी कुटुंबे जूनमध्येच मुंबईच्या नातेवाइकांकडे जातात. आणि नेमक्या तेव्हा गेटवेहून मांडव्याच्या बोटी पावसाळ्यासाठी बंद झालेल्या असतात. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून सुरू झालेली रो-रो, म्हणजे मोटारीही नेणारी मोठी बोट, तेवढी हवामान ठीक असेल तर चालते. हे मुंबईच्या वाचकाला माहीत असते. आमच्या वाचकाला ते गेटवेवर पोरेबाळे घेऊन उभे राहिल्यावर कळते.

माझी विनंती एवढीच. मुलाच्या घरी जे वर्तमानपत्र येते त्यात रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा असतात. आपल्या विदर्भ आवृत्तीत रोज नको, पण सुट्ट्यांच्या दिवसांत आणि पर्यटनाच्या पुरवणीत त्या द्याव्यात. तिथीचा हिशेब एकदा चौकटीत छापावा. बोटी कधीपासून बंद, कधी सुरू, शेवटची परतीची बोट कितीची, हे लेखाच्या शेवटी असावे.

आमच्या बचत गटाच्या अकरा जणींना समुद्र पाहायचा आहे. त्यांतल्या नऊ जणींनी तो कधीच पाहिलेला नाही. हरभरा काढून झाला की फाल्गुन शुद्ध द्वादशीला जायचे ठरवले आहे, दिनदर्शिकेवर मी खूण करून ठेवली आहे. त्याआधी आपण ही माहिती छापलीत तर गटाच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवीन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ